वाचलेला भाऊ

जपानमधल्या बालवाड्यांतून साठ वर्षांहून अधिक काळ एक गाणे गायिले जात आहे. रात्री घरातली मुले निजली, की खोक्यातली खेळणी हळूच बाहेर येतात, शिशाचे शिपाई आणि बाहुल्या मिळून नाच मांडतात आणि उजाडू लागले की पुन्हा आपल्या खोक्यात जाऊन निजतात. एवढीच त्या गाण्यातली हकीकत. 'ओमोचा नो चाचाचा' म्हणजे 'खेळण्यांचा चाचाचा' हे त्याचे नाव. चाचाचा हा क्युबाकडून जगभर गेलेला नाचाचा ठेका. तो लहान मुलांच्या पायांना इतका सोसतो, की गाणे सुरू झाले म्हणजे एकही पोर जागेवर बसून राहत नाही.

त्याच जपानात एक कथा आहे. ती एकदा वाचलेला माणूस दुसऱ्यांदा हाती घेण्यास सहसा धजत नाही. दोन पोरकी मुले, चौदा वर्षांचा भाऊ आणि चार वर्षांची बहीण, युद्धाच्या शेवटच्या उन्हाळ्यात उपासमारीने मरतात. पुढे सांगण्यासारखे काही उरत नाही. 'होतारु नो हाका' हे तिचे नाव. आपण तिला 'काजव्यांची समाधी' म्हणू.

हे गाणे आणि ही कथा एकाच लेखणीतून उतरली आहेत. त्या लेखणीचे धनी अकियुकी नोसाका. जन्म १९३०, मृत्यू २०१५. कादंबरीकार, कथाकार, गीतकार, गायक, संपादक आणि काही महिने संसदेचे सभासदही. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचावयाच्या अंकात या माणसाविषयी लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. पण ज्या घरात मुले आहेत त्या घरानेच हा लेखक वाचला पाहिजे, असे माझे मत झाले आहे, आणि ते का झाले हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. समीक्षकांची परिभाषा मला अवगत नाही, आणि नोसाका मी वाचले ते इंग्रजी भाषांतरांतून, शब्दकोश उशाशी ठेवून. मात्र दोन गोष्टींचा मला थोडाफार अनुभव आहे: एक मुले शिकविण्याचा, आणि दुसरा घडलेल्या गोष्टीतून कादंबरी रचण्याचा. या दोन्हींच्या आधाराने जे उमगले तेवढेच मांडतो.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करावी. कथाकाराने गाणी लिहिणे यात मराठी वाचकाला नवल वाटावयाचे कारण नाही. आपले गदिमा कथाही लिहीत, पटकथाही लिहीत, आणि मुलांची गाणीही त्यांनी अशी लिहिली की ती कोणी लिहिली हे विसरून घराघरांतून ती म्हटली गेली. जपानात मात्र साहित्याच्या पंक्ती जरा कडक मांडलेल्या असतात. तेथे १९३५ साली दोन मोठी पारितोषिके सुरू झाली: 'शुद्ध' वाङ्मयासाठी अकुतागावा पारितोषिक आणि लोकप्रिय वाङ्मयासाठी नाओकी पारितोषिक. नोसाकांना मिळाले ते नाओकी. म्हणजे त्यांचे पान मांडले गेले ते करमणूक करणाऱ्यांच्या पंक्तीत. ज्या कथेने वाचकाची झोप उडते ती कथा या पंक्तीतून यावी, हा एक विलक्षण योग म्हटला पाहिजे.

आता थोडे चरित्र. नोसाकांचा जन्म कामाकुरा येथला. जन्मानंतर थोड्याच काळात आई वारली आणि मूल कोबे शहरातल्या नातेवाइकांना दत्तक गेले. कोबे हे बंदराचे शहर, मागे डोंगर आणि पुढे समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीत वसलेले. ५ जून १९४५ रोजी सकाळी चारशेंहून अधिक अमेरिकन बी-२९ विमानांनी या पट्टीवर आगलावे बाँब टाकले. जपानी शहरांतली घरे लाकडाची आणि कागदाची; त्यांना स्फोटापेक्षा आगच अधिक लवकर संपविते, हे हिशेबाने ठरविलेले होते. दत्तक वडील त्या आगीत गेले. दत्तक आई भाजून जबर जखमी झाली. चौदा वर्षांच्या अकियुकीच्या हाती उरली एक धाकटी दत्तक बहीण, केइको. तिचे वय अवघे सव्वा वर्षाच्या आसपास. प्रथम निशिनोमिया येथे नातेवाइकांकडे आणि नंतर फुकुई प्रांतात असे ते दोघे सरकत गेले. १५ ऑगस्टला युद्ध संपले. त्यानंतर आठवडाभरातच केइको अन्नावाचून गेली.

पुढची हकीकत एखाद्या कादंबरीत शोभेल अशी आहे. युद्धानंतरच्या बेवारस दिवसांत चोरीच्या आरोपावरून हा मुलगा सुधारगृहात पोहोचला. तेथून त्याला सोडविले ते जन्मदात्या वडिलांनी. ते पुढे निइगाता प्रांताचे उपराज्यपाल झाले. मग टोकियोच्या वासेदा विद्यापीठात फ्रेंच साहित्याचा अभ्यास, तोही अर्धवट सुटलेला. पोटासाठी नाना उद्योग. अखेर मिकी तोरिरो या संगीतकाराच्या कचेरीत शिरकाव झाला. जपानात खाजगी रेडिओ १९५१ मध्ये सुरू झाला होता आणि जाहिरातींच्या गाण्यांना एकाएकी तेजी आली होती. नोसाका ही गाणी लिहू लागले. इतो या गावी उन्हाळ्याच्या झऱ्यांवर बांधलेले 'हातोया' नावाचे एक हॉटेल आहे; त्यासाठी त्यांनी १९६१ मध्ये लिहिलेले गाणे जपानी माणसांच्या कानांत इतके बसले, की हॉटेलचा दूरध्वनी क्रमांकही लोकांना तोंडपाठ झाला. तो क्रमांक ४१२६. जपानी भाषेत हे आकडे विशिष्ट रीतीने उच्चारले, की 'छान स्नान' असा अर्थ निघतो. अशी ही कारागिरी!

'खेळण्यांचा चाचाचा' हे गाणेही १९५९ मध्ये अशाच धांदलीत जन्मले. प्रथम ते मोठ्यांच्या करमणुकीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी होते. पुढे योशिओका ओसामु यांनी मुलांना शोभेल असे त्यातले शब्द फिरविले, कोशिबे नोबुयोशी यांची चाल त्याला होतीच, आणि १९६३ मध्ये जपान रेकॉर्ड पारितोषिकांतले बालगीताचे पारितोषिक त्याला मिळाले. त्याच वर्षी नोसाकांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. ती प्रौढांची, चोरटे चित्रपट काढून पोट भरणाऱ्या माणसांवरची. युकिओ मिशिमांसारख्या कादंबरीकाराने तिची वाखाणणी केली. एकाच वर्षी बालगीताचे बक्षीस आणि असल्या कादंबरीची कीर्ती! नोसाकांना ओळखणे सोपे नाही, ते याचसाठी.

१९६७ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनी लागोपाठ दोन कथा प्रसिद्ध केल्या: 'अमेरिका हिजिकी' आणि 'काजव्यांची समाधी'. नाओकी पारितोषिक या दोन कथांना मिळून मिळाले.

'काजव्यांची समाधी' शेवटापासून सुरू होते. कोबेच्या सान्नोमिया स्टेशनात खांबाला टेकून बसलेला सेइता नावाचा मुलगा मरतो. रात्री प्रेते तपासीत फिरणाऱ्या स्टेशनच्या नोकराला त्याच्याजवळ गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा सापडतो. तो डबा तो बाहेरच्या अंधारात भिरकावतो. झाकण उघडते, आतून हाडांचे बारके तुकडे सांडतात आणि गवतातले काजवे दचकून उठतात. हाडे बहिणीची, सेत्सुकोची. तारीख २१ सप्टेंबर १९४५. आदल्याच दिवशी सरकारने युद्धात पोरक्या झालेल्या मुलांच्या संरक्षणाचे धोरण ठरविले होते, हे नोसाका त्याच ओघात, आवाज न चढविता नमूद करतात. मास्तर म्हणून मला ही जागा फार महत्त्वाची वाटते. दुसरा कोणी लेखक येथे सरकारवर दोन वाक्यांचे कोरडे ओढल्यावाचून राहिला नसता. नोसाकांनी फक्त दोन तारखा शेजारी ठेवल्या.

मग कथा मागे जाते. आग, भाजून मेलेली आई, आरमारात गेलेले आणि परत न येणारे वडील. निशिनोमियात एका दूरच्या नात्यातल्या विधवेच्या घरी आसरा. आईची उंची वस्त्रे देऊन आणलेले तांदूळ आणि त्यांतले आपल्या ताटात किती आले याचा मुलांच्या डोळ्यांनी केलेला हिशेब. टोमणे सोसेनासे झाल्यावर तळ्याकाठच्या एका खणलेल्या आसऱ्यात दोघांनी मांडलेला संसार. तेथे रात्री उजेड नाही म्हणून भाऊ काजवे पकडून मच्छरदाणीत सोडतो. सकाळी ते मेलेले असतात आणि चार वर्षांची सेत्सुको त्यांच्यासाठी खड्डा खणते. आई गेली हे भावाने तिच्यापासून लपविलेले; पण तिला ते आधीच कळलेले असते.

शीर्षकातच एक खुबी आहे. जपानी लिपीत काजव्यासाठी एरवी एकच चिन्ह वापरतात. नोसाकांनी ते वापरलेले नाही. त्यांनी 'आग' आणि 'खाली ओघळणे' अशा अर्थाची दोन चिन्हे जोडून तो शब्द लिहिला. उच्चार काजव्याचा, पण डोळ्यांना दिसते ते आकाशातून गळणारी आग. ज्या मुलाने जूनच्या सकाळी आगलावे बाँब पडताना पाहिले त्याला काजवा हा नुसता काजवा राहिला नव्हता, हे या दोन चिन्हांत आले.

भाषेविषयीही सांगावयास हवे. नोसाकांचे वाक्य संपत नाही. स्वल्पविराम टाकीत, ओसाका-कोबेकडची बोली मिसळीत, एकातून दुसरे निघत ते पानभर जाते. सतराव्या शतकातल्या ओसाकाच्या इहारा साइकाकूची आठवण जपानी समीक्षकांना त्यावरून होते. मला आठवण होते ती घरातल्या जुन्या बायकांच्या बोलण्याची. एखादीने आपल्यावर गुदरलेला प्रसंग सांगावयास घेतला, की ती कोठेही थांबत नाही. कारण थांबले तर रडू येईल हे तिला ठाऊक असते. 'काजव्यांची समाधी' तशा एका दमात सांगितली आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो.

कथेतला सेइता बहिणीवर जीव टाकतो. तिच्यासाठी चोरी करतो, मार खातो, स्वतः उपाशी राहून तिला भरवितो. वाचकाचे डोळे भरून येतात. आणि मग नोसाका आपल्या लेखांतून सांगतात, की मी असा नव्हतो. मला स्वतःलाच भूक अनावर होत असे. बहिणीच्या वाट्याचे मी खाल्ले. ती रात्री रडू लागली म्हणजे तिच्या डोक्यावर मारीत असे. मग ती गप्प होई. हा कबुलीजबाब त्यांनी एकदा नव्हे, अनेकदा दिला. आयुष्यभर ते त्या उन्हाळ्याची हकीकत पुन्हा पुन्हा लिहीत राहिले.

यावर एक आक्षेप सरळ निघतो, आणि तो टाळून चालणार नाही. आक्षेप असा, की मग ही कथा म्हणजे एक साळसूद खोटेपणा झाला. ज्याने बहिणीचा घास खाल्ला त्याने कागदावर स्वतःला प्रेमळ भाऊ करून घेतले, वाचकांची आसवे मिळविली आणि पारितोषिकही घेतले. पुढचा कबुलीजबाब हा उशिरा सुचलेला प्रामाणिकपणा. असा आक्षेप घेणाऱ्याला मी निष्ठुर म्हणणार नाही. उलट, त्याने नीट वाचले आहे असेच म्हणेन. पण तरीही मला तो पटत नाही, आणि त्याची कारणे कथेतच आहेत.

पहिले कारण बहिणीच्या वयाचे. केइको सव्वा वर्षाची होती, सेत्सुको चार वर्षांची आहे. हा फरक वाचकाला अधिक रडविण्यासाठी केला असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. सव्वा वर्षाच्या मुलाला बोलता येत नाही. त्याला फक्त रडता येते. भूक लागली तरी रडणे, दुखले तरी रडणे. आणि त्या रडण्याला चौदा वर्षांच्या मुलाने उत्तर काय दिले, ते आपण पाहिले. बावीस वर्षांनी त्या मुलाने लेखक होऊन बहिणीला सर्वांत आधी काय दिले? वाचा दिली. सेत्सुको मागू शकते, रुसू शकते, काजव्यांना मूठमाती देऊ शकते, खडे-माती हातावर घेऊन भावाला जेवायला वाढू शकते. जिचे रडणे मारून थांबविले होते तिला लेखकाने बोलते केले. याला मी खोटेपणा म्हणू शकत नाही.

दुसरे कारण अधिक वजनदार आहे. सेइता मरतो, नोसाका जगले. लेखकाला स्वतःला गोंजारावयाचे असते तर प्रेमळ भावाला जगविणे त्याला सहज शक्य होते. त्याला कोणी तरी दयाळू म्हातारा भेटविता आला असता, शेवटी त्याच्या हातात लेखणी देता आली असती. वाचक खूष झाले असते. पण नोसाकांनी तसे केले नाही. कथेच्या पहिल्याच पानावर त्यांनी भावाला मारून टाकले आणि अखेरीस त्याची हाडे बेवारस मुलांच्या हाडांत मिसळून दिली. यातून जो निवाडा निघतो तो भयंकर आहे: त्या उन्हाळ्यात जो भाऊ खरोखर चांगला वागला असता तो जिवंत राहिलाच नसता. ज्याने घास वाटून घेतला तो मेला. जो वाचला तो घास न वाटल्यामुळे वाचला. म्हणजे सेइताचा चांगुलपणा हा नोसाकांच्या अंगावर घातलेला शेला नव्हे. तो त्यांच्यावरचा आरोप आहे. हा आरोप त्यांनी स्वतःच लिहिला, स्वतःच वाचून दाखविला, आणि पुढची अठ्ठेचाळीस वर्षे ते त्या आरोपासह जगले.

तिसरे कारण असे, की सेइतादेखील देवदूत नाही. त्या विधवेच्या घरातून तो बाहेर पडतो तो मानी स्वभावामुळे. आईने बँकेत ठेवलेले पैसे त्याच्यापाशी आहेत. दोन टोमणे गिळून तो त्या घरात राहिला असता तर कदाचित सेत्सुको जगली असती. कथा हे कोठेही ठासून सांगत नाही, पण लपवीतही नाही.

ही कथा जगभर गेली ती इसाओ ताकाहाता यांच्या १९८८ च्या चित्रपटामुळे. ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचे असताना ओकायामा शहरावरच्या बाँबहल्ल्यातून वाचले होते. हा सर्व चित्रपट हातांनी काढलेल्या चित्रांचा आहे. आपला चित्रपट केवळ युद्धविरोधी प्रचार म्हणून पाहिला जाऊ नये, असे ताकाहाता पुन्हा पुन्हा सांगत. समाजापासून तुटून आपल्यापुरते जग करू पाहणारी मुले त्यांना दाखवावयाची होती. नववीच्या वर्गाला मी तो दाखविला, तेव्हा चर्चेत मुलांचे दोन तट पडले. एक तट म्हणाला, ती बाई दुष्ट. दुसऱ्या तटातली एक मुलगी म्हणाली, "सर, तिच्याही घरात खाणारी माणसं होती. तांदूळ तेवढेच होते." वर्ग गप्प झाला. माझ्या मते त्या मुलीने कथेचे मर्म हेरले होते. दुष्ट माणसाने मुलांना मारले असे असते तर गोष्ट सोपी होती. येथे मुले मरतात ती सामान्य माणसांच्या हिशेबीपणामुळे, आणि युद्धाचे खरे काम हेच, की ते सामान्य माणसाला घासांचा हिशेब करावयास लावते.

'अमेरिका हिजिकी' ही दुसरी कथा वाचली नाही तर नोसाका अर्धेच कळतील. ती विनोदी आहे. हिजिकी म्हणजे जपानी लोक खातात ते काळपट समुद्रशेवाळ. युद्ध संपल्यावर अमेरिकन कैद्यांसाठी विमानांतून टाकलेल्या मालातल्या काही पेट्या उपाशी गावकऱ्यांच्या हाती लागतात. त्यांत काळा, सुरकुतलेला पाला असतो. लोकांना वाटते, हे अमेरिकेतले हिजिकी. ते शिजवितात, पाणी बदलतात, पुन्हा शिजवितात आणि कडवटपणा सोसून खातात. तो असतो चहा! बावीस वर्षांनी, जाहिरातींच्या चित्रपटांच्या धंद्यात बरे दिवस पाहणाऱ्या तोशिओच्या घरी अमेरिकन पाहुणे येतात. हा गृहस्थ त्यांच्यापुढे लोटांगण घालण्याची शिकस्त करतो आणि आतल्या आत जळत राहतो. पाहुण्यांना त्याचे काही नाही. पराभव पोटात कसा जाऊन बसतो आणि सुबत्ता आली तरी कसा बाहेर पडत नाही, हे इतक्या हसत सांगणारी कथा माझ्या वाचनात दुसरी नाही. परक्या साहेबापुढे वाकण्याची सवय ज्यांच्या आजोबांना होती, अशा आपणां वाचकांना तर तोशिओ ओळखीचा वाटेल.

मुलांसाठी नोसाकांनी युद्धाच्या गोष्टींचा एक संग्रहही लिहिला. तो १९७५ मध्ये निघाला. त्यातली प्रत्येक गोष्ट एकाच तारखेने सुरू होते: १५ ऑगस्ट १९४५. पाणबुडीच्या प्रेमात पडलेला देवमासा त्यात आहे, जळक्या शहरात उगवलेले आणि फक्त मुलांनाच दिसणारे केकचे झाड आहे. त्यातली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. आगीच्या वेढ्यात सापडलेली आई आपल्या मुलाला वाचवू पाहते. जवळ पाणी नाही. ती आपला घाम त्याच्या अंगाला फासते, मग आसवे, मग दूध, आणि अखेरीस तिच्या त्वचेतून रक्त पाझरते. सगळा ओलावा मुलाला देऊन आई कागदासारखी सुकते आणि वाऱ्यावर पतंग होऊन उडून जाते. ही परीकथा आहे, पण 'काजव्यांची समाधी' आणि ही गोष्ट यांचा धागा एकच: मोठ्याने लहानाला आपल्याजवळचे सगळे द्यावयास हवे होते. खऱ्या आयुष्यात जे दिले गेले नाही ते नोसाका गोष्टींतून पुन्हा पुन्हा देतात. खेळण्यांचे ते गाणे त्यांनी याच हेतूने लिहिले, असा दावा मी करणार नाही. ते धंद्याचे काम होते. पण त्याच माणसाच्या हातून, ज्या घरात मुले पोटभर जेवून निर्धास्त निजली आहेत आणि खेळण्यांनाही खेळावयास रात्र मोकळी आहे अशा घराचे गाणे उतरले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

दोषही सांगितले पाहिजेत. नोसाकांनी फार लिहिले आणि त्यांतले बरेचसे घाईचे आहे. काळा चष्मा लावून मिरविण्याची, रंगमंचावर गाण्याची, सतत लोकांच्या डोळ्यांसमोर राहण्याची त्यांना हौस होती. १९७२ मध्ये आपल्या मासिकात एक जुनी शृंगारकथा छापल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दंड कायम केला. १९८३ मध्ये ते संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून आले आणि त्याच वर्षी ती जागा सोडून, लाचेच्या खटल्यात दोषी ठरलेले माजी पंतप्रधान काकुएइ तानाका यांच्याविरुद्ध त्यांच्याच निइगातात उभे राहिले. अर्थातच पडले. हा शहाणपणा नव्हता, पण यात एक प्रकारचा हट्टी सरळपणा आहे. आपल्या उन्हाळ्याच्या आठवणीही त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या तऱ्हांनी सांगितल्या, की कोठली तऱ्हा खरी याचा वाचकाला उबग यावा. कथेत आई मरते. प्रत्यक्षात दत्तक आई वाचली होती, आणि हेही सरळ सांगावयास त्यांना वर्षे लागली. २००३ मध्ये पक्षाघाताने त्यांना गाठले. त्यानंतरही मजकूर सांगून लिहवून घेण्याचे काम ९ डिसेंबर २०१५ ला मृत्यू येईपर्यंत चालू होते.

हा सगळा पसारा बाजूला सारला तरी दोन कथा, पतंग झालेल्या आईची गोष्ट आणि एक बालगीत एवढे शिल्लक राहते. लेखकाच्या जन्माचे सार्थक होण्यास एवढे पुष्कळ आहे.

राहता राहिला प्रश्न घरातल्या मुलांचा. पालक मला विचारतात, असले दुःखाचे वाङ्मय मुलांच्या हाती द्यावे काय? माझे उत्तर वयाप्रमाणे बदलते. चार-पाच वर्षांच्या पोराला खेळण्यांचे गाणे ऐकवावे आणि नाचू द्यावे. त्यामागची कहाणी त्याला सांगण्याचे कारण नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला पतंग झालेल्या आईची गोष्ट आपल्या शब्दांत सांगावी, आणि त्याने काही विचारले तर घाईने विषय बदलू नये. 'काजव्यांची समाधी' पंधरा वर्षांपुढे, आणि तीही एकट्याने नव्हे. वाचताना किंवा चित्रपट पाहताना घरातले कोणी तरी मोठे माणूस शेजारी बसलेले असावे. नंतर त्या विधवेबद्दल त्यांचे काय मत झाले, हे अवश्य विचारावे. आणि मुलाला सेइता आवडला असे म्हणाले, तर त्याला हेही सांगावे, की हा मुलगा ज्याने लिहिला तो त्याच्यासारखा वागला नव्हता, आणि ते त्याने स्वतःच सर्वांना सांगून ठेवले आहे.